ज्याचं परमिट, त्याचाच फोन

“न्हाई साहेब. बजरंगचा फोन आल्याबिगर मी फिडर चालू करणार न्हाई.”

“अहो बाई, मी सांगून राहिलो ना! काम झालं, माणसं उतरली. टाका चालू.”

“तुम्ही हाव का तिथं, साहेब?”

 पलीकडचा आवाज चढला आणि ‘अहो’चं ‘अगं’ झालं.

“मला प्रश्न विचारतीस? आमदाराच्या घरचं लगीन हाय, मंडपात माणसं उकडून निघाल्यात, वरून मला फोनावर फोन येऊन राहिलेत. तुला नोकरी करायची का न्हाई?”

 एवढं बोलून सेक्शनचे इंजिनियर शिरूरकर साहेबांनी कॉल कापला. तो व्हॉट्सॲपवरचा कॉल होता. साहेब एरवी चहा सांगायचा असला तरी साधा फोन करायचे. नियमाबाहेरचा हुकूम द्यायचा असला की मात्र व्हॉट्सॲप. साध्या फोनचं रेकॉर्डिंग होतं, याचं होत नाही. ही हुशारी सगळ्या सेक्शनला ठाऊक होती आणि सगळा सेक्शन तिच्याबद्दल गप्प होता.

हिंगणवाडीच्या सबस्टेशनात जगदेवी ऑपरेटर होती. लाइनवर काम निघालं की वायरमन तिला फोन करून परमिट मागायचा, म्हणजे त्या भागाला वीज नेणारा अमुक फिडर बंद करा, मी खांबावर चढतोय. ती फिडर बंद करायची, हँडलला लाल पाटी अडकवायची. काम संपलं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच फोन करून ते परत द्यायचं. त्यानंच. जोडीदारानं नाही, ठेकेदारानं नाही, साहेबानं तर नाहीच नाही. मग कुठं वीज सोडायची. चौथीतल्या पोराला समजेल इतका हा सोपा नियम. पण ज्यांना कधी खांबावर चढायचं नसतं, त्यांच्या डोक्यात तो शिरता शिरत नाही.

तिनं आजचं परमिट घेतलेल्या बजरंगला, ठेकेदाराच्या वायरमनला, पुन्हा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. त्याचा जोडीदार रजेवर होता, म्हणजे तो एकटा. ठेकेदाराच्या माणसांना एकटं पाठवायचं नाही, असा कागद भिंतीवर चिकटवलेला होता आणि एकटंच पाठवायची पद्धत होती. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून तार जमिनीला जोडायचा रॉड तर ठेकेदारानं त्यांना आजवर दिलाच नव्हता. खांबावर चढलेल्या माणसाच्या आणि मरणाच्या मध्ये जगदेवीच्या समोरचं ते एक हँडल होतं, बस्स.

ती काही शूर बाई नव्हती.  साहेबांचं खरं असलं तर? बजरंग केव्हाच उतरून कुठल्या झाडाखाली भाकर खात बसला असला तर? सगळ्या गावाची वीज आपण विनाकारण अडवून धरलीय, उद्या सस्पेंड झालो तर सासूला काय सांगायचं, दोघी मुलींच्या शाळेचं काय, हे सगळं तिच्या डोक्यात भणभणत होतं. व्हॉट्सॲप परत वाजलं. तिनं उचललं नाही. परत वाजलं. ती उठून हँडलपासून लांब, खिडकीशी जाऊन उभी राहिली. इतक्या जवळ बसलं तर भीतीनंच आपला हात पुढे जाईल, असं तिला वाटलं.

बऱ्याच वेळानं एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“ताई, बजरंग बोलून राहिलो. माझा मोबाइल डब्बा झालाय, बाजूच्या शेतातल्या आखाड्यावरच्या मामाचा घेतलाय. आत्ताच उतरलो. परमिट वापस घ्या.”

“आत्ताच?”

“हाव. कामून?”

“साहेब आले होते का तिकडं?”

“साहेब? इकडं कुत्रं बी न्हाई, ताई.”

 जे झालं ते जगदेवीनं त्याला सांगितलं. त्याच्याऐवजी आखाड्यावरच्या मामाचा आवाज तिला ऐकू आला, “अरे, काय झालं? बस, बस खाली.”

दिवस मावळायच्या आत तो सबस्टेशनावर आला आणि पायरीवर बसून राहिला. तिनं चहा दिला, तो त्यानं न पिता बाजूला ठेवला.  “ताई,” तो म्हणाला, “माझ्या लेकराला तुम्ही बाप वापस दिला. म्या हे मरेस्तोर विसरणार न्हाई.” असं म्हणून त्यानं तिच्या पायांना हात लावला. ती ओशाळून मागं सरली. तो तिच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान होता.

साहेबांनी चूक कबूल केली असेल, निदान जीभ तरी चावली असेल, असं कुणाला वाटेल. त्याच आठवड्यात जगदेवीच्या हातात नोटीस पडली. वरिष्ठांचे आदेश न पाळणे, फोन न उचलणे, वीजपुरवठा विनाकारण खंडित ठेवणे. विनाकारण हा शब्द तिनं पुन्हा पुन्हा वाचला. बजरंग हे ते कारण होतं. दोन पायांवर चालणारं, विडी ओढणारं, दर शनिवारी मारुतीला तेल घालणारं. तिनं उत्तरात जे घडलं ते सगळं लिहून दिलं. त्या उत्तराचं काय झालं, कुणी सांगितलं नाही.

सांगितलं ते हे, की नांदेडला कामावरचा ताण आणि सुरक्षा यावर ट्रेनिंग आहे आणि सगळ्यांनी यायचं आहे. साहेब, ऑपरेटर, वायरमन, ठेकेदाराची माणसंसुद्धा.

हॉल गारेगार होता. दारातच प्रत्येकाच्या हातात रबराचा एक पिवळा चेंडू दिला गेला, त्याच्यावर हसरं तोंड. पुण्याहून आलेल्या आरती मॅडम मोठ्या गोड होत्या, आणि मनापासून बोलत होत्या. ढोंगी असत्या तर बरं झालं असतं, निदान त्यांचा राग तरी करता आला असता. “हा चेंडू दाबा,” त्या म्हणाल्या. सगळ्यांनी दाबला. “आता सोडा. बघा, परत आपल्या आकारात आला! यालाच म्हणतात लवचिकता. आपलं मन असंच हवं. कितीही दाब आला तरी परत हसरं.” दाबणारा हात कुणाचा, याबद्दल मॅडम काही बोलल्या नाहीत. पुढच्या रांगेत बसलेल्या साहेब लोकांनीही चेंडू दाबून पाहिले आणि त्यांना ते फार आवडले.

मग मॅडमनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. गोल करून बसलेली माणसं, मध्ये झाड. “जिथे माणूस न घाबरता ‘नाही’ म्हणू शकतो, तीच खरी सुरक्षित जागा,” त्या म्हणाल्या. “ही खोली तशी आहे. इथे बोललेलं इथेच राहील. तुमच्यापैकी कुणी असं ‘नाही’ म्हटलंय का कधी?”

जगदेवीनं घरून निघतानाच ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. चहा प्यायचा, जेवायचं, सही करायची, परत यायचं. मोहियोद्दीन चाचांनी गाडीतही बजावलं होतं, “बेटा, जबान संभाळ.” चाचा सेक्शनमधले सगळ्यात जुने लाइनमन. परमिट कसं द्यायचं, कसं परत घ्यायचं, हे सगळं त्यांनीच तिला शिकवलेलं. ती गप्पच बसली होती. पण हात वर गेला तो शिरूरकर साहेबांचा.

“आमच्या सेक्शनचं उदाहरण देतो, मॅडम,” साहेब माइक घेऊन म्हणाले. अशा वेळी त्यांची भाषाही पुण्याला जाऊन यायची. “आमच्याकडे लग्नाच्या दिवशी वरून प्रचंड दबाव होता. पण ऑपरेटरनं फिडर चालू केला नाही. कारण मी माझ्या लोकांना पहिल्यापासून सांगून ठेवलंय, माझा जरी फोन आला तरी परमिट परत आल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. त्यामुळे आमचा सेक्शन शून्य अपघात आहे.”

टाळ्या पडल्या. मॅडमनी “वा, हेच ते नेतृत्व” म्हटलं.

जगदेवीच्या कानशिलात काहीतरी फुटल्यासारखं झालं. ज्या गोष्टीसाठी तिला नोटीस, त्याच गोष्टीसाठी या माणसाला टाळ्या. ती उभी राहिली तेव्हा चेंडू मांडीवरून घरंगळून खाली गेला. चाचांनी तिच्या कोपराला धरलं, तिनं ते सोडवून घेतलं.

“ती ऑपरेटर मी हाय, मॅडम,” ती म्हणाली. माइक नव्हता, पण आवाज शेवटपर्यंत गेला. “साहेबांनी तवा मला ‘चालू कर’ म्हणून सांगितलं. माणसं उतरली म्हणाले. मानूस वरच होता. मी न्हाई म्हणले तर नोकरी करायची का म्हणाले. अन् नोटीस बी दिली. ती माझ्या पिशवीत हाय, दाखवू का?”

 साहेबांचा चेहरा लालही झाला नाही, पांढराही झाला नाही. ते नुसते हसले, समजूतदार माणसं हसतात तसे.

“मॅडम, गैरसमज झालेला आहे. नोटीस फोन न उचलल्याबद्दल होती, तो वेगळा विषय आहे. आणि तो माणूस इथेच बसलाय की. बजरंग! उठ रे. तूच सांग, मी फोन केला तेव्हा तू वर होतास का खाली?”

मॅडम स्वतः माइक घेऊन मागच्या रांगेत गेल्या. “घाबरू नका हं, दादा,” त्या म्हणाल्या. “ही सुरक्षित जागा आहे.”

बजरंग उभा राहिला. ठेकेदाराच्या माणसांना महिनाअखेरी नवा करार मिळणार होता आणि कुणाला द्यायचा, कुणाला नाही, ती नावं शिरूरकर साहेब वर पाठवणार होते. हे मॅडमला माहीत नव्हतं. हॉलमधल्या बाकी प्रत्येकाला माहीत होतं. त्यानं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा छताकडे. जगदेवीकडे पाहिलं नाही.

“म्या... उतरलो होतो,” तो म्हणाला.

“मोठ्यानं बोल,” साहेब म्हणाले.

“उतरलो होतो, साहेब. खाली होतो.”

जगदेवी तशीच उभी राहिली. बसायचं तिच्या लक्षातच आलं नाही. शेवटी मॅडमच तिच्याजवळ आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “बघा, ताणाखाली आपल्या आठवणीसुद्धा बदलतात. यात ताईंचा काही दोष नाही. पण मन मोकळं करायला धाडस लागतं. ताईंसाठी जोरदार टाळ्या!”

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी सगळ्यात जोरात. चाचांनी वाजवल्या नाहीत, ते आपल्या पायांकडे बघत बसले होते. पण बजरंगनं वाजवल्या. तिनं पाहिलं. माइक बगलेत धरून तो टाळ्या वाजवत होता. जिवंत आहेत म्हणून वाजू शकणाऱ्या त्या दोन हातांकडे बघून तिच्या मनात जे आलं ते इतकं वाईट होतं की ती स्वतःलाच घाबरली. यापेक्षा कुणी कानफटात मारली असती तर चाललं असतं.

इथे बोललेलं इथेच राहील, हे मात्र खोटं निघालं. पुढच्या सोमवारीच ऑर्डर आली. ऑपरेटर जगदेवी यांना ताणाचं काम झेपत नसल्यानं त्यांच्या हिताचा विचार करून बिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर बसवण्यात येत आहे. हिताचा विचार! सेक्शन ऑफिस आणि सबस्टेशन एकाच अंगणात, समोरासमोर. ज्या खोलीत तिनं इतकी वर्षं काढली तिच्या दाराकडे दिवसभर बघत ती लोकांच्या शिव्या ऐकायला बसली. बिल जास्त आलं, मीटर पळतंय, साहेब कुठं गेले. तिच्या जागी हारिस आला. नुकता लागलेला, शिकलेला, नम्र मुलगा. फोन वाजला की बसल्या जागी उभा राहायचा.

बजरंगला करार मिळाला. तो अंगणातून जाताना मान खाली घालून, भिंतीच्या कडेकडेनं जायचा.

“त्याच्यावर नको रागवू, बेटा,” चाचा एकदा खिडकीशी येऊन म्हणाले. “ठेकेदाराचा मानूस हाय तो. त्याची मजबुरी हाय.”

“अन् मला न्हाई मजबुरी, चाचा?” ती ताडकन म्हणाली. “मला लेकरं न्हाईत? मी तवा हँडल दाबलं असतं अन् म्हणले असते मजबुरी, तर चाललं असतं का? सगळ्या दुनियेला मजबुरी हाय, फकस्त जगदेवीला न्हाई!” रांगेतली माणसं बघायला लागली. चाचा निघून गेले. तिला नंतर वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही. तो जेवताना असायचा, झोपताना असायचा. मुलीची वेणी घालताना ती केस इतके ओढायची की पोरगी रडायची. बजरंग भेटला तर काय काय बोलायचं, हे ती मनात रोज नव्यानं जुळवायची. साहेबांसाठी तिच्याकडे शब्द नव्हते. बजरंगसाठी ढिगानं होते, कारण त्यानं तिच्या पायांना हात लावला होता.

एका दुपारी, खिडकीवर गर्दी असताना, तिचा फोन वाजला. नाव बघून तिनं कापला. परत वाजला. तिनं उचलला तो भांडायलाच.

“ताई,” बजरंग म्हणाला. “कॅनालच्या कडंला हाय. हारिसकडून परमिट घेतलंय. चढून राहिलो.”

“मग मला कामून सांगतूस?”

“असंच. तुमच्या कानावर असावं म्हणून.”

“माझ्या हातात काय हाय आता? बिलं हायत, बिलं! अन् तुला काय भ्यायचं? साहेबांचा फोन आला की तू आधीच उतरलेला असतूस!”

हे वाक्य तिनं कितीतरी दिवस घोळवून ठेवलं होतं. ते बोलून झाल्यावर बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. पलीकडे वारा वाजत होता.

“बोला, ताई,” तो म्हणाला. “माझं तोंडच न्हाई. पर त्या हारिसचा आवाज लई कापून राहिला होता, ताई. म्या चढतो. उतरलो की तुम्हाला बी फोन करतो.” आणि फोन ठेवला.

तिनं पुढच्या माणसाचं बिल हातात घेतलं. आकडे दिसत होते, वाचता येत नव्हते. मरू दे, असं तिनं मनात म्हणून पाहिलं. तिला ते म्हणता आलं, हेच तिला सहन झालं नाही. नेमका तेवढ्यात मागच्या केबिनमधून शिरूरकर साहेबांचा आवाज आला. ते वरच्या कुणाशी तरी बोलत होते. “हो सर. झालंच सर. कॅनालकडच्या जिनिंग मिलवाल्यांना सांगा, आत्ता वीज सोडतो. पाच मिनिटं, सर.” फोन ठेवल्याचा आवाज झाला. पुढचा फोन कुणाला जाणार आणि कशावरून जाणार, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

जगदेवी उठली.

“ओ बाई, माझं बिल!” रांगेतला माणूस ओरडला. “कुठं चालल्यात? दोन घंटे झाले उभा हाय!”

ती अंगणात आली. ऊन मी म्हणत होतं. पळायचं नाही असं तिनं ठरवलं आणि तरी ती पळालीच. तिनं सबस्टेशनचं दार ढकललं तेव्हा हारिसचा मोबाइल टेबलावर वाजत होता आणि तो खुर्चीत अवघडून त्याच्याकडे बघत होता. ती सरळ पॅनलपाशी गेली. कॅनालच्या फिडरला लाल पाटी अडकवलेली होती. तिनं पाटीकडे पाठ केली आणि हँडल आपल्या पाठीमागे येईल अशी उभी राहिली.

“ताई, तुम्ही इथं...” हारिस म्हणाला. “साहेबांचा फोन हाय. काय करू?”

“तुझं टेबल हाय. तुझा फोन हाय,” ती धापा टाकत म्हणाली. “मी काही सांगायला आले न्हाई. मी फकस्त इथं उभी राहणार.”

त्यानं फोन उचलला. साहेबांचा आवाज पॅनलपर्यंत येत होता. झालंय त्यांचं. उतरलीत माणसं. टाक.  हारिसनं जगदेवीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावरून घाम गळत होता.

“न्हाई... न्हाई साहेब,” तो म्हणाला. आवाज इतका कापत होता की शब्द तुटत होते. “बजरंगभाऊंचा फोन आला न्हाई अजून.”

मग फोनमधून जे काही आलं, ते त्यानं मोबाइल कानापासून लांब धरून ऐकलं. पण तो खुर्चीतून पुढे सरकला नाही. फोन बंद झाला. थोड्या वेळानं खिडकीतून शिरूरकर साहेब दिसले, केबिनमधून निघून अंगण तुडवत, तरातरा इकडेच येताना. त्यांच्यामागं बिलं हातात घेतलेली पाच-सहा माणसं काय चाललंय ते बघायला आली होती.

जगदेवीनं पदर कमरेला खोचला. हारिसनं खुर्ची मागं सारली आणि येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.  बजरंग अजून वरच होता.